लग्नाची तारीख आणि कुस्तीचं मैदान

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं लग्नाची तारीख धरायची तर दोन पंचांगं बघावी लागतात. एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतं, त्यात मुहूर्त छापलेले असतात. दुसरं कुठंच छापलेलं नसतं. ते तालमीच्या पायरीवर, चहाच्या गाड्यावर आणि चौकातल्या फ्लेक्सवर वाचायला मिळतं: कुठल्या गावची जत्रा कधी, तिथं मैदान आहे का, एक नंबरची कुस्ती कुणाकुणात. माझं लग्न ठरल्यापासून ही दोन्ही पंचांगं मी शेजारी शेजारी ठेवून बसले आहे. साड्या, भांडी, आहेर, पाहुणे यांच्या याद्यांची एक वही घरात फिरते आहे. तिच्या मागच्या पानांवर मैदानांची यादी आहे, आणि ती पुढच्या पानांपेक्षा जास्त नीट लिहिलेली आहे.

लग्नसराई आणि कुस्तीचा हंगाम एकमेकांवर येतात याचं कारण शेतीत आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात ते आषाढापर्यंत. गावोगावच्या जत्रा, उरूस, यात्राही बहुतेक याच काळात. पीक घरात आलेलं असतं, शेत मोकळं असतं, ऊस गेला असेल तर बिलाचा हप्ता हातात असतो आणि रस्ते कोरडे असतात. पावसात ना मांडव उभा राहतो, ना उघड्यावरचा आखाडा. नागपंचमीच्या आणि दसऱ्याच्या कुस्त्या सोडल्या तर पावसाळा हा तालमीत घुसून मेहनत करण्याचा काळ, आणि सुगीनंतरचा काळ ती मेहनत चारचौघांत दाखवण्याचा. त्यामुळं मांडववाला, फेटे बांधणारा, हलगीवाला यांची लग्नात आणि जत्रेत एकाच वेळी ओढाताण होते. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या गावी हलगीवाले सकाळी वरातीत वाजवत आणि दुपारी फडात. ताल वेगळा, माणसं तीच.

ज्यांनी गावचं मैदान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी देवाची पालखी, दुपारी फड. जत्रा कमिटीनं वर्गणी गोळा केलेली असते, मोकळ्या रानात माती ओढून आखाडा केलेला असतो. सुरुवात पोरांपासून. चड्डीतली दहा-बारा वर्षांची पोरं रेवड्यांवर आणि नारळावर लढतात, आणि त्यांच्या कुस्त्या मला सगळ्यात जास्त आवडतात, कारण त्यांना अजून हरणं लपवता येत नाही. मग इनाम चढत जातं. पैलवान फडात फिरतो, पंच त्याचा हात वर धरतात, कुणीतरी समोरून शड्डू ठोकतो आणि जोड लागते. लोकांना जोड आवडली तर बसल्या जागेवरून इनामात भर पडते. निवेदक नाव पुकारतो, गाव पुकारतो, वस्तादाचं नाव पुकारतो. उन्हं कलली की वरच्या नंबरांच्या कुस्त्या सुरू होतात, आणि शेवटची एक नंबरची लागेपर्यंत झाडांवरसुद्धा माणसं चढलेली असतात. जुन्या रीतीत गुण नसतात. पाठ मातीला लागली पाहिजे, तरच निकाल. जिंकलेल्याला खांद्यावर घेऊन फडाला फेरी मारतात आणि लोक त्याच्या हातात नोटा देतात.

हे सगळं जत्रेचं. आमच्या कोल्हापूर शहरातल्या कुस्तीला जे रूप आलं त्याचं मूळ मात्र एका माणसाच्या हौसेत आणि पैशात आहे.

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. ते स्वतः कुस्ती केलेले, अंगानं धिप्पाड. संस्थानच्या खजिन्यातून पैलवानांना खुराक, राहायला तालमी, बाहेरच्या मुलखातून नावाजलेले मल्ल बोलावून त्यांच्याशी इथल्या पोरांच्या लढती, हे सगळं त्यांनी चालू केलं. पंजाबकडचे पैलवान कोल्हापुरात येऊन राहू लागले आणि त्यांचे डाव इथल्या मातीत रुजले. १९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधली प्राचीन वर्तुळाकार रंगभूमी पाहिली. आपल्या कुस्तीसाठी असंच मैदान हवं हे तिथं त्यांच्या मनानं घेतलं, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. सुरुवातीच्या गाजलेल्या लढतीत गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन समोरासमोर आले होते.

खासबागेत बसून पाहिल्याशिवाय त्या बांधणीची हुशारी कळत नाही. मधोमध कुस्तीच्या मातीचा हौद, भोवती गोल रिंगण आणि त्याच्या चारी अंगांनी वर चढत गेलेला उतार. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मी कुठंही बसले तरी पुढच्या माणसाचा फेटा आड येत नाही. ज्या खेळात निकाल पाठ आणि माती यांच्यातल्या बोटभर अंतरावर ठरतो, त्या खेळाला असंच मैदान हवं. आज कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या स्टेडियममध्येही मी खांबाआड बसले आहे, म्हणून हे आवर्जून सांगते. मैदानाला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, तेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. नाटक आणि कुस्ती शेजारी शेजारी नांदवणारा राजा आम्हाला लाभला, याचा मला मनापासून अभिमान आहे.

माझ्या लग्नाशी या राजाचा आणखी जवळचा संबंध आहे. खासबागेनंतर पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पाठोपाठ आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. नुसता कागद करून ते थांबले नाहीत. आपल्या नात्यातल्या बहिणीचा विवाह त्यांनी इंदूरच्या होळकर घराण्यात ठरवला. मराठा आणि धनगर, त्या काळात. आमच्या दोघांच्या जातीही वेगळ्या आहेत. घरात विषय निघाला तेव्हा आठवडाभर जेवताना कुणी बोलत नव्हतं. मग एका रात्री आबांनी ताटावरनं हात उचलला आणि वडिलांना म्हणाले, “म्हाराजांच्या मैदानात उभा जन्म बसलो. आनि म्हाराजांचा कायदा आपल्या घरात चालायचा न्हाई म्हनतोस? असं कसं रं?” वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कऱ्हाडला, मुलाच्या घरी, फोन लावला.

आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करतो आहोत. १९५४ चा हा कायदा. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, तीस दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर पुढच्या ठरावीक मुदतीत तीन साक्षीदार घेऊन सही करायची. मुहूर्ताची अट नाही. आत्याला याचं फार वाईट वाटलं. ती गोरज मुहूर्तांची यादी करून आली होती, तिचे कष्ट वाया गेले. मला मात्र यात मोठी सोय दिसली. सरकारी कामाचा कुठलाही दिवस चालणार असेल, तर तो दिवस असा निवडता येतो की संध्याकाळी जवळपास मैदान असेल.

आत्याची समजूत हळदीवर झाली. नोंदणी असली तरी हळद लागणार, घाणा भरणार, बांगड्या भरणार. हळदीला माझी मुळीच ना नव्हती. हळदीचा वास मला लग्नाच्या आधी तालमीचा वाटतो.

हौदातली माती नुसती माती नसते. तांबडी माती आणून ती चाळतात, खडा न् खडा वेचतात. मग त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालतात. प्रत्येक वस्तादाचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं. हळद जखमेसाठी, ताक आणि तेल माती मऊ राहावी म्हणून, कापूर वासासाठी आणि किड्यामुंग्यांसाठी. पहाटे जोर-बैठका सुरू व्हायच्या आधी पोरं फावड्यानं हौद खणून घेतात. ते खणणं हाही व्यायामच. खणलेल्या मातीवर एकदा पाणी शिंपडलं की जो वास सुटतो तो तालमीच्या दारातून रस्त्यावर येतो. मी लहानपणी आबांचं बोट धरून त्या दारापर्यंत जायचे. आत मुलींनी यायची रीत नव्हती. मी उंबऱ्याबाहेर दगडावर बसायचे आणि आत मातीवर शरीर पडल्याचा दबका आवाज ऐकायचे. कोण कुणाला कशानं मारतंय हे आबा बाहेर येऊन सांगायचे: ढाक, घिस्सा, कलाजंग, एकलंगी. रस्त्यानं चालताना माझा हात धरून ते डाव दाखवायचे. शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी मला डाव पाठ होते.

लग्नाच्या हळदीसाठी मी आणि आई सांगलीला गेलो. राजापुरी हळद, सांगलीची पेठ, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन, हे व्यापाऱ्यानं कौतुकानं सांगितलं. परतताना हरिपूरला वाकडी वाट केली, कारण तिथली पेवं पाहायची होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, रंग जात नाही. तिथल्या मातीचाच हा गुण. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बहुतेक पेवं गेली. उरलेल्या जागेजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पेवात उतरायच्या आधी तोंड उघडून हवा खेळू द्यायची, मगच माणूस आत सोडायचा, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं. आईनं तिथली चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली. मी तिला काही विचारलं नाही.

पैलवान आणि लग्न यांचं नातं मात्र सरळ नव्हतं. तालमीत मुलगा घातला की वस्ताद बापाकडून शब्द घ्यायचा: मी सांगेपर्यंत पोराच्या लग्नाचा विषय काढायचा नाही. ब्रह्मचर्याचं तेज वगैरे बोललं जायचं, आणि लोक ते मनापासून मानायचे. मला त्यामागं खुराकाचा हिशेबही दिसतो. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. गावाकडचा बाप एका पोराच्या अंगावर घरातली म्हैस आणि अर्धं उत्पन्न घालत असे. सून आली, नातवंडं आली की त्याच दुधाला वाटेकरी वाढले. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि राजाश्रय संपला, तेव्हा हा भार आणखी घरावर आला. पुढं गावांनी आणि सहकारी साखर कारखान्यांनी तो थोडा उचलला. वारणानगरचं डिसेंबरातलं मैदान ही त्याच आश्रयाची देण. पण मधल्या वर्षांत कितीतरी चांगले पैलवान फक्त दुधाअभावी घरी परतले.

आबा त्यांतलेच. साठच्या दशकात ते तालमीत होते. त्या पिढीला काय दिवस मिळाले होते! १९५९ मध्ये एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, पाठोपाठ १९६० मध्ये पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. मातीत वाढलेली माणसं गादीवर लढून आली होती, तेही फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत. आबा ही नावं घेतात तेव्हा आधी पाय खाली सोडून नीट बसतात. त्यांचं स्वतःचं लग्न वस्तादानं दोन सुगी पुढं ढकललं. मुलगी, म्हणजे माझी आजी, बोलणी होऊन माहेरी वाट बघत होती. शेवटी तिच्या वडलांनी तालमीत येऊन वस्तादांपुढं पागोटं ठेवलं, तेव्हा परवानगी मिळाली. लग्नानंतर वर्षभरात आबांनी लंगोट खुंटीला टांगला. घरात दूध एका म्हशीचं होतं.

आजीनं आबांची एकही कुस्ती पाहिलेली नाही. बायका फडाकडं जात नसत. गावात मैदान असलं की ती स्वयंपाकघरात बसून हलगी ऐकायची. हलगीचा ठेका संथ असला की खडाखडी चालू आहे, चढला की कुणीतरी पट काढलाय, आणि एकदम आभाळ फाटल्यासारखा गलका आला की निकाल. कुणाचा, ते आबा घरी येईपर्यंत कळायचं नाही. दारातून आत येताना ते आधी पाय धुतात की आधी बोलतात यावरून तिला कळायचं. ही गोष्ट तिनं मला बांगड्यांची मापं घेताना सांगितली, अगदी सहज.

माझा होणारा नवरा कऱ्हाडचा. पहिल्यांदा त्याच्या घरी गेले, चहा-पोहे झाले, आणि त्याच्या वडिलांनी विचारलं, “काय बघायचं आहे का कऱ्हाडात?” मी गोळेश्वर म्हणाले. त्यांना प्रीतिसंगमाचं उत्तर अपेक्षित असावं. पण लगेच गाडी काढली.

गोळेश्वर म्हणजे खाशाबा जाधवांचं गाव. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस इथला. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते, आणि १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं गेलं, आणि बाजू मांडायला भारताचा कुणी अधिकारी जवळ नव्हता. तरी २३ जुलै १९५२ ला कांस्यपदक गळ्यात पडलं. परतल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून उसनवारी फेडली, गुरुजींचं घर सोडवलं. पुढं पोलीस खात्यात नोकरी. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर.

त्यांच्या घराचं नाव ‘ऑलिंपिक निवास’. आम्ही समोर उभे राहिलो. माझे होणारे सासरे क्रिकेटचे भक्त, पण बैलगाड्यांच्या मिरवणुकीची गोष्ट त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली होती, आणि ती त्यांनी तिथं उभं राहून इतकी रंगवून सांगितली की मी त्यांच्या घरात आनंदानं राहीन हे मला त्याच जागी पक्कं वाटलं. परत येताना गाडीत ते म्हणाले, “लग्नात मिरवणूक नको म्हणता, तर निदान एक बैलगाडी?” बैलगाडी मंजूर झाली आहे. बैल त्यांच्या मावसभावाचे आहेत.

कुस्तीचा आणि लग्नाचा सगळ्यात धीट मेळ एका बाईनं घातला होता, आणि तिला आम्ही, म्हणजे आमच्या गावानं, चांगलं वागवलं नाही. अलीगढची हमीदा बानू. १९५४ च्या फेब्रुवारीत तिनं पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान दिलं: मला कुस्तीत हरवा, मी तुमच्याशी लग्न करेन. त्याआधी तिनं पतियाळाच्या आणि कोलकात्याच्या पैलवानांना हरवलेलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला बाबा पैलवान तिच्यासमोर उभा राहिला. एक मिनिट चौतीस सेकंदांत कुस्ती संपली. मुंबईत तिनं रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटभरही टिकू दिलं नाही. तिचं वजन १०८ किलो होतं, आणि तिच्या खुराकाची वर्णनं वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने छापत. पण पुण्यातली रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची लढत कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली. आणि कोल्हापुरात तिनं एका पंजाबी पैलवानाला हरवलं तेव्हा प्रेक्षकांनी हुल्लड केली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. या लढती लुटुपुटीच्या असतात अशा तक्रारी सरकारपर्यंत गेल्या, मोरारजी देसाईंपर्यंत पत्रव्यवहार झाला. तिचे शेवटचे दिवस कल्याणला दूध आणि खाण्याचे जिन्नस विकण्यात गेले. ४ मे २०२४ ला गुगलनं तिचं चित्र लावलं त्या दिवशी मी आबांना ते दाखवलं. ते बराच वेळ मोबाइल हातात धरून होते. म्हणाले, “ऐकलं हुतं नाव. बाईनं दगड खाल्लं आमच्या गावात. वाईट झालं.”

ज्या वर्षी एक बाई आखाड्यात उभी राहून स्वतःच्या लग्नाची अट स्वतः सांगत होती, त्याच १९५४ मध्ये आमचा विशेष विवाह कायदा झाला. नोटिशीचा अर्ज भरताना मला ती दोन्ही एकदम आठवली, आणि सही नेहमीपेक्षा ठळक झाली.

आम्हा दोघांची ओळखही बायकांच्या कुस्तीतच झाली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांचा हा किताब साठच्या दशकापासूनचा. बायकांना तो मिळायला एवढा काळ जावा लागला. मी बँकेतून रजा टाकून गेले होते. माझ्या शेजारी एकजण त्याच्या मामेबहिणीला घेऊन बसला होता. ती नुकती तालमीत जायला लागलेली. त्याला गुण कसे देतात ते कळत नव्हतं आणि बहीण कंटाळून सांगायची थांबली होती. त्यानं मला विचारलं. खाली घेतलं की दोन, रिंगणाबाहेर ढकललं की एक, असं मी सुरू केलं ते अंतिम लढतीपर्यंत थांबले नाही. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली तेव्हा आम्ही तिघंही उभे राहून ओरडत होतो. माझा आवाज दोन दिवस बसला. त्यानं तिसऱ्या दिवशी फोन केला, आवाज आला का विचारायला.

आता तयारी शेवटच्या टप्प्यात आहे. पहिली पत्रिका अंबाबाईला, दुसरी तालमीतल्या मारुतीला ठेवली. वाढायला तालमीची पोरं येणार आहेत. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्ती, गणपती, फुटबॉल, लग्नातलं वाढप, रक्तदान, सगळंच. दुसऱ्या दिवशीच्या मटणाच्या जेवणाचा आकडा आचाऱ्याला देताना आत्यानं पैलवान पाहुणे वेगळे मोजले आणि एकेकाची चार चार पानं धरली. आचारी जुना माणूस, तो म्हणाला, “वैनी, पाच धरा.” फेटे कोल्हापुरी बांधायचे ठरले. हलगीवाल्यांना दुपारपर्यंत मोकळं करायचं आहे, कारण त्यांनाही पुढं मैदानातच जायचं आहे.

सही सकाळी अकराला. साक्षीदार तीन: माझी मैत्रीण, त्याची ती मामेबहीण आणि आबा. जेवणं दोनपर्यंत. चारला पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावात जत्रेचं मैदान आहे, आणि नवरा-नवरीनं मांडवातून थेट तिकडं यावं असं जत्रा कमिटीचंच आमंत्रण आहे. एका कुस्तीला आम्ही दोघांच्या नावानं इनाम लावलं आहे. मुलींची जोड हवी एवढीच अट घातली, ती त्यांनी आनंदानं मान्य केली. आजीला हे सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “मीबी येतो मग. पर खाली बसाय लागतंय का तितं? माझं गुडघं वाकत न्हाईत.” कमिटीच्या अध्यक्षांना फोन केला. हौदाच्या पश्चिमेला, ऊन पाठीवर येईल अशा जागी, पहिल्या ओळीत एक खुर्ची ठेवतो म्हणालेत.